चित्रातील महिला गरजू नसून

वर्तमानपत्रातला चेहरा आपला आहे हे वैजयंतीने आधी ओळखलेच नाही. ओळखली ती साडी. करड्या रंगाची, काठाला विरलेली, सांगलीहून निघताना आईने पिशवीत अगदी वरून कोंबलेली सुती साडी. दूधवाल्याच्या फळीवर जिल्ह्याचे पान उघडे पडले होते आणि त्यावर सांडलेला दुधाचा एक थेंब पसरत पसरत नेमका त्या काठापाशी येऊन थांबला होता. थेंबाच्या अलीकडे ती, पलीकडे फुलचंदभाऊ, आणि दोघांच्या मध्ये ताणून धरलेले ब्लँकेट, ज्यावरचा वाघ छपाईत काळवंडून ओल्या कुत्र्यासारखा दिसत होता. फुलचंदभाऊ कॅमेऱ्याकडे पाहून हसत होते. ती ब्लँकेटकडे पाहत होती, मान खाली घालून. चित्राखाली ओळ होती : ‘पांढरकवडा – ऊब परिवारातर्फे पोडावरील गरजू महिलेला ब्लँकेट देताना अध्यक्ष फुलचंदभाऊ. सोबत रामराव, पूनमसिंग व इतर मान्यवर.’ कोलाम आदिवासींच्या वस्तीला इकडे पोड म्हणतात, हे तिला इथे आल्यावरच कळले होते. आता ती छापील शाईने तिथली रहिवासी झाली होती. दूधवाल्याने एकदा पानाकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. “मॅडम, हे तुम्हीच व्हय ना?” त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, आणि तेच भयंकर होते. तिने काही उत्तर देण्याआधी त्याने माप पुन्हा किटलीत बुडवले आणि तिच्या भांड्यात वरचे थोडे दूध ओतले. “असू द्या,” तो म्हणाला. “थंडी लय पडून राह्यली.”

ते वरचे दूध हातात घेऊन ती महामार्गाच्या कडेने घराकडे निघाली. नागपूरकडून हैदराबादकडे जाणारे ट्रक धुक्यातून एकेक करून बाहेर येत होते आणि धुक्यातच परत मिटत होते. बाभळींच्या काट्यांना कापसाच्या गाड्यांमधून ओढले गेलेले पुंजके लटकत होते, जणू सगळ्या रस्त्याला जखम झाली आहे आणि कोणी तरी ती घाईघाईने पुसून गेले आहे. वास्तविक झाले होते ते इतके साधे, की सांगायला गेले तर सारवासारव वाटावी. तहसीलच्या आवारात कार्यक्रम होता. ब्लँकेटांच्या ढिगातून एकेक उचलून ती फुलचंदभाऊंकडे देत होती आणि ते समोरच्या बाईकडे. समोरची बाई पायातली सुटलेली चप्पल शोधायला वाकली. तेवढ्यात वैजयंतीच्या हातातल्या ब्लँकेटचे दुसरे टोक फुलचंदभाऊंनी धरले, मान वळवली, हसले, आणि परिवाराचे फोटो काढणाऱ्या राजदीपने कळ दाबली. ती देणाऱ्याला देत होती. पण दोन माणसांच्या मध्ये ताणलेली वस्तू दोन्हीकडून सारखीच दिसते. कोण देतो आणि कोण घेतो हे वस्तूवरून नव्हे, मानेवरून ठरते. ज्याची मान कॅमेऱ्याकडे, तो दाता. तिची मान कामाकडे होती.

या गावात तिचे येणे हे एका रिकाम्या जागेवर येणे होते. महाविद्यालयात मराठी शिकवायचे, दुपारी परत यायचे, आणि मग संध्याकाळ नावाचा तो अथांग, कडा नसलेला प्रदेश. खोलीची मालकीण इंदूबाई खालून जिना चढून यायची ती धापा टाकत आणि हसतच. “मॅडम, घरात बसून काय करता जी? भिंतीले पाठ झाल्या असतीन तुमच्या कविता. चाला आमच्या ऊबमधी.” इंदूबाईचे यजमान रामराव महामार्गावर टायरचे दुकान चालवत आणि परिवाराची गाडीही तेच हाकत. वैजयंती गेली. सरकारी दवाखान्यात रोग्यांच्या नातेवाइकांना खिचडी वाढली, उन्हाळा संपता संपता पाण्याचे माठ धुतले, आणि थंडी लागताच ब्लँकेटांच्या घड्या घातल्या. घड्या घालताना तिला प्रथमच वाटले, की आपल्या हातांना या गावाने ओळखले आहे. बाजारात माणसे मान हलवू लागली होती. शब्दांवर जगणाऱ्या बाईला निःशब्द कामाचे हे केवढे औषध! आणि आता त्याच कामातून तिच्या कपाळावर एक शब्द येऊन चिकटला होता, आणि तो शब्द तिच्याच विषयातला होता, व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहिण्याजोगा. गरज. गरजू. गरज येते आणि जाते, जशी भूक येते, ताप येतो. पण तिच्या शेपटाला एक दीर्घ ‘ऊ’ लावला की प्रसंगाचा स्वभाव होतो, वेळेची जात होते. टाकाऊ. विकाऊ. गरजू. त्या ‘ऊ’ला माणूस लटकतो आणि मग खाली उतरूच शकत नाही. आणि ज्याला तो लागला त्याला पुढे नाव लागत नाही. अध्यक्षांना नाव, रामरावांना नाव, पूनमसिंगांना नाव, इतरांनासुद्धा निदान ‘मान्यवर’. ब्लँकेटच्या पलीकडे नुसती एक महिला.

वर्गात शिरताच कुजबूज थांबली, आणि थांबलेली कुजबूज ही चालू कुजबुजीपेक्षा मोठी असते. मागच्या बाकावरून कोणीसे अत्यंत आदराने विचारले, “मॅडम, थंडी कमी झाली का?” मुली खाली पाहून हसल्या. तिने पुस्तक उघडले आणि जी ओळ समोर आली ती वाचली.  तिला त्या मुलाचा राग आला नाही. राग आला तो मुलाच्या विनोदाला जी जमीन लागली होती तिचा : गरजू असणे हे हसण्यासारखे आहे, यावर सगळ्या वर्गाचे, काही न ठरवता, एकमत होते. आणि या एकमतात ती स्वतः होती. कारण पान पाहिल्याबरोबर तिच्या आतून उठलेला पहिला उद्गार कुठल्याही करुणेचा नव्हता. तो होता, ‘मी? मी गरजू?’ या ‘मी’वरचा जोर तिने ऐकला होता. तो कुठून आला? कुठल्या सिंहासनावरून? संतापाला दोन तोंडे होती आणि दोन्ही एकाच वेळी चावत होती. एक फुलचंदभाऊंना, एक तिला.

कारण तिने ते पाहिले होते, ब्लँकेटच्या त्या बाजूने. कृष्णेचे पाणी घरात शिरले त्या वर्षी ती आणि आई शाळेच्या एका वर्गात होत्या, फळ्याखाली अंथरलेल्या ताडपत्रीवर, जिथे अंगाला सतत खडूचा आणि ओल्या पोत्यांचा वास येई. मदतीचे ट्रक यायचे. एका ट्रकातून गठ्ठाभर टाय आले होते. गळ्यात बांधायचे, रेघारेघांचे, रेशमी टाय, कुठल्या तरी बंद पडलेल्या कचेरीतले. आणि पूर पाहून ते कोणाला द्यावेसे का वाटले असतील हे कोडे आईला पुढे कितीतरी दिवस सुटले नाही. “पाण्यात उतरताना लावायचे असतील,” ती म्हणाली होती. त्याच गर्दीत तांदळाचे पुडके घ्यायला आई उभी राहिली तेव्हा तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, आणि कॅमेरा धरलेला गृहस्थ फार गोड आवाजात म्हणाला, “काकू, पदर जरा बाजूला घ्या. चेहरा दिसू द्या.” आईने पदर बाजूला घेतला. तो हात, अंगठीच्या जागी पांढरा वळ असलेला तो हात, पदर सारताना किती सावकाश हलला होता! पुडके नको म्हणावे असे वैजयंतीला तेव्हा वाटले आणि तिने म्हटले नाही, कारण भूक लागली होती. इतके साधे. गरज होती. पाणी ओसरले, गरज ओसरली. त्या चित्रातला चेहरा मात्र अजून कोणाच्या तरी भिंतीवर पदर बाजूला सारून उभा असेल.

दुपारी इंदूबाई पान हातात नाचवत वर आली. “माय वं! ह्या राजदीपची अक्कल चरायले गेलती काय? म्हणे पोडावरची महिला! मी त आधी पोट धरधरून हासलो, मंग लय राग आला. चाला. आत्ताच्या आत्ता फुलचंदभाऊकडे चाला.” फुलचंदभाऊंचे कापडाचे दुकान चौकात होते. गादीवरून ते अर्धे उठले, दोन्ही हात जोडले. ते वाईट गृहस्थ नव्हते, आणि हीच अडचण होती. वाईट माणसावर संतापणे ही चैन आहे. “मॅडम, चूक झाली. एकदम चूक. राजदीपनं फोटो पाठवला, ओळ तिकडं कोणीतरी टाकली. काळजी नका करू. उद्याच्याले खुलासा छापून आणतो, मी सोताच लिवलाय.” चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी वाचून दाखवले : “चित्रातील महिला गरजू नसून स्थानिक महाविद्यालयातील मराठीच्या सन्माननीय प्राध्यापिका आहेत. त्यांना झालेल्या मनस्तापाबद्दल...”

“छापू नका,” वैजयंती म्हणाली.

“अं?”

“खुलासा नको.”

फुलचंदभाऊंनी इंदूबाईकडे पाहिले, जणू दुभाष्याकडे. “पण मॅडम, तुमची बदनामी झाली ना.”

“कसली?”

“आता... गरजू म्हटलं म्हणजे...”

“ज्यांना तुम्ही दर हिवाळ्यात म्हणता, त्यांची होत नाही?”

दुकानातला पंखा बंद होता, तरी टांगलेल्या साड्यांचे पदर हलल्यासारखे वाटले. फुलचंदभाऊंनी समजूतदारपणे मान हलवली, जसे तापातल्या माणसाच्या बोलण्यावर हलवतात. “ते येगळं आहे, मॅडम. ते आहेतच.”

ते आहेतच. तिला वाटले, या दोन शब्दांपुढे भाषेची सगळी भांडी पालथी आहेत. ते आहेतच, म्हणून त्यांना नाव नको. ते आहेतच, म्हणून त्यांना मनस्ताप नाही. ती बोलू लागणार तोच ते पुढे म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज खरा दुखावलेला होता, “बोलाले सोपं राह्यते. आम्ही नाही देल्लं त कोण देते सांगा? कोणी येते काय त्या पोडावर?”  इंदूबाईने मग तोडगा काढला, मोठ्या कौतुकाने, भाजीत मीठ टाकावे तसा : येत्या रविवारी केळापूरच्या पुढच्या पोडावर जायचेच आहे, पहिले ब्लँकेट मॅडमच्या हातानं देऊ, तसा फोटो छापू, मॅडम देतानाच दिसतीन, झालं, मिटलं, खुलासाही नको आणि फुलासाही नको. फुलचंदभाऊ हसले. चहा आला. वैजयंतीने ‘बरं’ म्हटले. परतताना तिला त्या ‘बरं’ची चव जिभेवर कळली आणि ती चव भीतीची होती. या गावात तिचे दुसरे कोण होते? हा परिवार सुटला तर पुन्हा ती कडा नसलेली संध्याकाळ, पुन्हा भिंती आणि त्यांना पाठ झालेल्या कविता. एका घोटभर सोबतीसाठी माणूस किती वाकतो! ‘गरजू’ असे ओळ लिहिणाऱ्याने, कोण जाणे, बरोबरच लिहिले असेल. रविवारपर्यंत ती स्वतःशी भांडत राहिली, आणि दर वेळी हरणारी तीच होती.

पोड टेकडीच्या कुशीत होते, सागाच्या उघड्या खोडांमागे. सारवलेली अंगणे इतकी नितळ, की तिथे पाऊल टाकताना तिला आपल्या चपलांची लाज वाटली. तुरीच्या वाळल्या पेंढ्या कुडांना टेकवलेल्या होत्या. रामरावांनी गाडी उभी केली, पूनमसिंगांनी दोन झाडांना कापडी फलक बांधला, त्यावर फुलचंदभाऊंचा मोठा चेहरा आणि ‘ऊब’ या अक्षरांतून निघणारे पिवळे किरण. बायका मातीवर ओळीने बसल्या होत्या. उन्हात बसल्या होत्या, पण थंडी त्यांच्या गुडघ्यांतून दिसत होती. फुलचंदभाऊंनी भाषण केले. मग पुकारा झाला आणि पहिली बाई पुढे आली, वाळल्या शेंगेसारखी लांब, वाकडी, डोळे मात्र पाणीदार. वैजयंतीने ब्लँकेट छातीशी धरले होते. “नाव काय तुमचं?” तिने विचारले.

“जमनी.” म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि एकदम बोट रोखले. “तूच ना वं ते? पेपरातली? सरपंचानं दाखोलतं. तुले त भेटलं ब्लँकेट. अजून कायले आली?”

ओळीतल्या बायका खदखदून हसल्या. “दोनदोन घेते वाटते!” कोणी तरी म्हणाले. वैजयंतीही हसली, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, आणि त्या हसण्यातच हात पुढे झाले, जमनीने ब्लँकेट घेतले, काखेत मारले आणि पाठ फिरवली.

“थांबा, थांबा!” राजदीप ओरडला. “फोटो नाही आला. मावशी, परत द्या मॅडमले. एकदा परत.”

जमनी थांबली. “आता देल्लं ना? परत कायले?”

“फकत फोटोसाठी, मावशी. एक मिनिट,” फुलचंदभाऊ म्हणाले, आणि म्हणता म्हणताच, अगदी हळुवारपणे, जसे झोपलेल्या लेकराच्या हातातले खेळणे काढतात तसे, त्यांनी तिच्या काखेतले ब्लँकेट काढून घेतले आणि वैजयंतीच्या हातांवर ठेवले. जमनीचा हात तसाच राहिला, कोपरात वाकलेला, आता तिथे नसलेल्या वस्तूला दाबून धरणारा. “मावशी, इकडं पाहा,” राजदीप म्हणाला. “मान वर. पदर मागं घ्या उलिसा.”

पुढे जे झाले त्यात निश्चय असा नव्हता. वैजयंतीला फक्त ऐकू आले की आपला आवाज फार उंच चढला आहे आणि तरीही तो सांगलीच्या शाळेतल्यासारखा, शुद्ध, वाक्ये पूर्ण करणारा आवाज आहे. “हे ब्लँकेट तिचं झालं होतं. तिच्या काखेतून तुम्ही ते काढून घेतलंत, फुलचंदभाऊ. याला मराठीत एक शब्द आहे. हिसकावणं.”  फुलचंदभाऊंच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी वाळले. “मॅडम, शब्द जपून वापरा.” “तेच करते आहे. तेच तर माझं काम आहे.” तिने ब्लँकेट जमनीच्या वाकलेल्या हातात कोंबले. जमनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “भांडा तुम्ही. मायी कन्नी करपून राह्यली चुलीवर,” ती म्हणाली, ब्लँकेट डोक्यावर टाकले आणि कुडांमागे नाहीशी झाली.

कोणी तिच्यामागे पाहिले नाही. फुलचंदभाऊ गाडीकडे वळले होते. “रामराव, माल परत चढवा. फोटो नाही त कार्यक्रम नाही. ज्याहीनं ब्लँकेटं देल्ले त्याहीले मी काय दाखवू? का मॅडमचं भाषण दाखवू?” रामराव ढिगाजवळ उभे राहिले, ना हात लावत ना मागे सरत. आणि मग मातीवरची ओळ हलली. “ओ बाई,” एक बाई वैजयंतीला म्हणाली, आणि तिच्या स्वरात आभाराचा लवलेश नव्हता, “तिचं झालं. आमचं राह्यलं ना!” वैजयंतीला तेव्हा कळले की आपला राग ज्या जमिनीवर उभा आहे तिथे इतर माणसे बसली आहेत. शब्द बरोबर होता. शब्द अजूनही बरोबर होता. पण त्या बरोबर शब्दाची थंडी आज या बायका भोगणार होत्या.

इंदूबाई तिच्यावर चालून आली. चेहरा लाल, पदर खोचलेला. “तुले काय कळते वं? अं? मोठी आली शब्दवाली! तुया एका रागापायी ह्या बायका आख्खा हिवाळा कुडकुडतीन. एका फोटोनं काय झिजते माणूस? तू जाशीन बदली घेऊन, आम्हाले इथं राह्याचं आहे!” तिचा श्वास वैजयंतीच्या तोंडावर येत होता, सुपारीचा, उष्ण. इतके जवळ येऊन या गावात तिच्याशी कोणी बोललेच नव्हते. सगळे कसे जोडलेल्या हातांच्या अंतरावरून. आणि वैजयंतीच्या घशात आठवडाभर अडकलेले ते सगळे, दूध, कुजबूज, ‘बरं’, ‘ते आहेतच’, एकाएकी बाहेर पडले, पण ज्या भाषेत पडले ती तिची नव्हती, किंवा या क्षणापर्यंत नव्हती.

“आणि तुले काय कळते, इंदूबाई?” ती ओरडली. “झिजते! माणूस झिजते! तुया तोंडासमोरून ताट ओढून कोणी म्हणलं, एक मिनिट, फकत फोटोसाठी, त चालते तुले?”

 वैजयंती उत्तरासाठी थांबली नाही. ती ढिगाकडे गेली, दोन ब्लँकेटे उचलली आणि सगळ्यांत जवळच्या दोन मांड्यांवर टाकली. पुन्हा वळली. रामराव बाजूला झाले. “अवं, अशी फेकते काय!” इंदूबाई मागून कडाडली. “घडी मोडते ना! द्यायची रीत असते!” आणि तिने वैजयंतीच्या हातातले तिसरे ओढून घेऊन स्वतःच एका बाईच्या खांद्यांवर पसरले, चापूनचोपून, शिव्या देत. “चालते का म्हणे! नाही चालत! पण मंग आधी सांगाव ना, घरी सांगाव, इथं चारचौघांत कायले?” “घरी सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?” “नसतं ऐकलं!” राजदीपने कॅमेरा उचलला, फुलचंदभाऊंकडे पाहिले आणि खाली केला, एवढ्या पाठमोऱ्या बायकांत दाता कोणता हे त्यालाही शोधावे लागले असते. फुलचंदभाऊ गाडीचे दार उघडून आत बसले आणि समोरच्या काचेतून सागांकडे पाहत राहिले. ते आपल्याला क्षमा करणार नाहीत, हे वैजयंतीला स्पष्ट दिसत होते. परिवार संपला होता. तिने आणखी दोन उचलली. ढीग उतरत होता आणि इंदूबाईची सरबत्ती थांबत नव्हती.

“सांज्याले खाली जेवाले ये,” शेवटचे ब्लँकेट झटकत ती गरजली. “तिथं पाह्यतो तुले.”

“येणार नाही.”

“येत नाही कशी!”